बारा दारांची खोली

माझ्या बाबाचा आवाज काढायचा असला तं आधी दोनदा खाकरायचं, मंग आभाळाकडं पाहायचं, अन् मंग ज्याले बोलायचं त्याले सोडून त्याच्या बाजूच्या माणसाशी बोलायचं. एवढं जमलं की अर्धे बाबा जमले. उरलेले अर्धे म्हणजे वाक्य संपल्यावर विडीसाठी सगळे खिसे चाचपणं, अन् विडी कानावर सापडणं.

मोठा भाऊ पुण्याची नोकरी सोडून घरी आला, त्या दिवशी बाबा असेच बोलले. भाऊ समोर बसलता, बोलणं माझ्याशी.

"त्याले सांग, टेकडीखालचा मुरमाड तुकडा घे. पोळ्यापर्यंत घे. पोळ्याच्या आत कोणी परकं माणूस आपल्या मर्जीनं तिथं राह्यलं, अन् जाताना 'पुन्हा येतो' म्हणलं, तं तो तुकडा याचा. नाही तं पोळा झाला की मी तिथं नांगर घालतो, अन् यानं पुण्याची गाडी पकडावी."

मी मान वळवली अन् भावाले सगळं जसंच्या तसं सांगतलं, खाकरण्यासकट. मायनं पदर तोंडाले लावला. बाबाले विडी सापडली.

भावाले काय पाह्यजे होतं ते त्यानं आल्या आल्याच सांगतलं होतं. पुण्यात तो घराचे नकाशे काढून द्यायच्या ऑफिसात होता. दिवसभर दुसऱ्याच्या बेडरूमा काढे अन् रात्री तिघाईसोबत एका खोलीत झोपे. त्याच्या डोक्यात बसलं होतं की आपल्या वावरात एक छोटी खोली बांधायची, जुन्या सामानाची, मातीची, सिमेंट नाही, एसी नाही, अन् शहरातले थकलेले लोक तिथं येऊन दोन दिवस राहतील. त्याले तो रिट्रीट म्हणे.

"शहरातल्या लोकाईले शांतता पाह्यजे," भाऊ म्हणे. "आपल्याकडं ती फुकट आहे."

"त्याले सांग," बाबा मले म्हणे, "आपल्याकडं शांतता हाय, कारण अळीनं बोलाले काही ठेवलंच नाही."

ते साल बोंडअळीचं होतं. आमच्याकडं महागावच्या बाजूनं तुम्ही त्या हिवाळ्यात आले असते तं पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, मस्त हिरवी दिसली असती. बोंडं टपोरी. फोडलं की आत गुलाबी अळी, एकदम ऐसपैस, सासऱ्याच्या घरी जावई बसते तशी. लोकाईनं उभं पीक उपटलं. ज्याच्या त्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पऱ्हाट्याईचे ढीग. लग्नं पुढं गेली, मोटारसायकली शोरूममध्येच राह्यल्या, अन् चहाच्या टपरीवर माणसं एकाच कपावर दोन-दोन तास बसत. मले तेवढीच बैठक मिळे. मी कृषी सहायकाची नक्कल करो, आडत्याची करो, आमच्या हेडमास्तरची करो. रडवेल्या तोंडाची माणसं हसत, अन् हसून झालं की पुन्हा बोंडअळीवर येत.

भाऊ राह्यला पाह्यजे, एवढं मले कळत होतं. तो पुण्याले होता ती चार वर्षं घरात माझ्या नकला पाहाले कोणी नव्हतं. माय हसे, पण चुलीकडं पाहून.

भावाचा नियम एकच, नवीन काही आणायचं नाही. मंग आम्ही दोघं भंगार गोळा करत फिरलो. ज्याच्या घरावर नवा स्लॅब पडून राह्यला त्याच्या छपराचे जुने कवेलू आणले, बंडीत गवत टाकून, तरी पन्नासेक फुटले. एका जुन्या गोठ्याचे सागवानी खांब भेटले. मोठं सामान मिळालं पुसदच्या चाचाकडं. चाचा म्हणजे भंगारवाले, त्याईच्या वाड्यात पाडलेल्या शाळा, बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग, तुटलेली थेटरं, सगळं एकावर एक झोपलेलं राहे. चाचा कोणत्याही वस्तूवर हात ठेवून आधी तिची खानदान सांगत.

"ये देखो मियाँ, ये दरवाजा. ये सरकारी स्कूल का है. सागवान है सागवान. इसपे कितने मास्टर हाथ मार-मार के रिटायर हो गये, मगर इसको कुछ नहीं हुआ."

दारावर पांढऱ्या रंगानं लिहेल होतं, 'पाचवी ब'. मी वाचलं अन् मागं सरकलो. ते माझ्याच शाळेचं दार होतं. माझी पाचवी मी याच दाराच्या बाहेर, अंगठे धरून काढली, कारण मास्तर वर्गात यायच्या आधी त्याईचा आवाज वर्गात येत जाय.

"हेच घेऊ," भाऊ म्हणे. "तुले आतून पाहाले भेटेल."

खांब उभे झाले, कवेलू चढले, दहा बाय दहाची खोली सावली टाकाले लागली. राह्यल्या भिंती. भिंतीचा प्रश्नच नव्हता, आमच्याकडं गरिबाच्या घराले कूड राहते. पऱ्हाट्या उभ्या लावायच्या, आडव्या काड्याईनं बांधायच्या, अन् वरून माती-शेण लिपायचं. त्या वर्षी पऱ्हाटीले काय तोटा! आमच्या धुऱ्याले लागून तांड्यातल्या काकाचं वावर आहे. काका म्हणजे बंजारा माणूस, उंच, बोलणं कमी, चालणं असं की पायाखाली काही आहे का ते आधी अंगठ्यानं विचारणार. त्याईची चाल माझी सगळ्यात गाजलेली नक्कल. एकदा त्याईनंच मागून पाह्यली अन् म्हणे, "डावा पाय अजून थोडा वाकडा टाक बे नकल्या."

काकानं त्या साली सगळ्यात आधी पऱ्हाटी उपटली होती. कृषी सहायकानं सांगतलं होतं, वावर मोकळं करा, काडीकचरा ठेवू नका, म्हणजे पुढच्या साली अळी येणार नाही. गावात ते फक्त काकानं ऐकलं. सगळं वावर साफ अन् ढीग धुऱ्यावर.

"न्या बावा सगळी," काका भावाले म्हणे. "तुमचं घर होईल, माझं वावर झाडून निघेल."

चार बंड्या आणल्या. माय पाहाले आली. तिनं एक पऱ्हाटी उचलली, तिच्यावर वाळलेल्या कवड्या होत्या. कवडी म्हणजे न फुटलेलं, किडकं, वाळून गेलेलं बोंड. मायनं ती पऱ्हाटी जमिनीवर दोनदा झोडपली.

"अशी झोडून घ्या आधी. अन् दोन्हीकडून लिपजा."

"बाहेरून लिपू," भाऊ म्हणे. "आतून उघडं ठेवायचं. टेक्स्चर दिसलं पाह्यजे."

"काय दिसलं पाह्यजे?"

"काड्या, माय. कवड्या. शहरात लोक असं भिंतीवर लावाले विकत घेतेत."

मायनं माझ्याकडं पाह्यलं. मी खांदे उडवले. खरं सांगतो, मलेही ते आवडलं होतं. आतून पाह्यलं तं भिंतभर कवड्या, जशा काय कोणी मुद्दाम टाचल्या. भाऊ त्यावर हात फिरवे अन् पुणेरी आवाजात म्हणे, "किती रॉ आहे ना!" हा आवाज त्याचा स्वतःचा होता, पण मी म्हणत जाय की माझ्याकडून चोरला.

उन्हाळा गेला. भावानं मोबाईलवर फोटो टाकले. गावातली माणसं येऊन पाहून जात. एकानं विचारलं, "हे बैलाचं का माणसाचं?" दुसरा म्हणे, "बैल येणार नाही इथं, त्याले पंखा लागते." बाबा एकदाही आले नाहीत. वावराले जाताना टेकडीची वाट सोडून लांबच्या वाटेनं जात.

आषाढात फोन आला. नागपूरचे तिघं, नवरा-बायको अन् नवऱ्याची आई, शनिवारी येतो म्हणे. भाऊ फोन ठेवून तीनदा खोलीत गेला अन् तीनदा बाहेर आला. मायनं आपल्या लग्नातल्या चादरी काढल्या. मी गावात दवंडी दिली, तलाठ्याच्या आवाजात.

गुरुवारी सकाळी माय खोली झाडाले गेली. पांढरी मच्छरदाणी आदल्या दिवशीच टांगून ठेवली होती. मायनं हाक मारली म्हणून मी गेलो. मच्छरदाणीवर बारकी बारकी पाखरं बसली होती, मातकट रंगाची, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी. दहा-वीस नाही, खूप.

"पाहुणे आले," मी म्हणलो. "बुकिंग शनिवारचं होतं, हे गुरुवारीच टपकले."

भाऊ हसला अन् मच्छरदाणी झटकाले लागला. मी दुधाची किटली घेऊन घराकडं निघालो. धुऱ्यावर काका उभे. त्याईनं विहिरीच्या पाण्यावर पाऊस यायच्या आधीच कपाशी लावली होती, गावात सगळ्यात पुढं तीच होती, फुलावर आलेली. काकाच्या तळहातावर एक फूल होतं. पिवळं, पण उघडलेलं नाही, पाकळ्या गुंडाळून वरून शिवल्यासारख्या. आमच्याकडं त्याले डोमकळी म्हणतेत. फूल असं मिटलं की आत अळी आहे, हे शेंबडं पोट्टंही सांगते.

"वावर एवढं साफ केलं," काका म्हणे. ते मले नाही, फुलाले सांगत होते. "आली कोठून हे?"

 मी किटली घेऊन उलटा फिरलो, खोलीत आलो, भिंतीवरची एक कवडी तोडली अन् नखानं फोडली. आत गुलाबी अळीची रिकामी कात, अन् बाजूच्या कवडीत अळी. जिवंत. आरामात.

भावानं पाह्यलं. भाऊ नकाशे काढणारा माणूस, त्याले दोन रेघा जोडाले वेळ लागत नाही. काकाची पऱ्हाटी, आमच्या भिंतीत. आमच्या भिंतीतलं पाखरू, काकाच्या फुलात. सहा महिने आम्ही त्या अळीले छप्पर देलं होतं.

"रविवारी पाडू," तो हळू म्हणाला. "पाहुणे गेल्या गेल्या. दोन-तीन दिवसांचा प्रश्न आहे."

"फवारून टाक," मी म्हणलो.

माय दारात होती. "फवाऱ्याचं नाव काढजो नको. मागल्या साली फवारता फवारता माणसं दवाखान्यात गेली, माहीत नाही काय? अन् त्या बिछान्यावर परकी माणसं झोपवतो?"

"मंग लिपून टाकू आतून," भाऊ म्हणे.

"या झडीत? आठ दिवस वाळणार नाही. अन् तोवर जे बाहेर निघालं थे काकाच्या वावरात अंडे घालून मोकळं होईल." माय खाली बसली. "त्या माणसानं आपल्याले पऱ्हाटी देली, बावा."

 भाऊ भिंतीले टेकला, मंग लगेच सरकला, जशी काय भिंत चावली. शनिवारचे पाहुणे आले नाही तं पोळ्याच्या आत दुसरे येतील याची काही खात्री नव्हती. पावसात इकडं कोण येते? अन् भिंत पाडली तं पाहुण्याईले खांबाले बांधून ठेवायचं का? त्याच्या तोंडावर हे सगळं दिसत होतं. पुण्याची गाडीही दिसत होती.

"तू काकाले सांगून ये," भाऊ म्हणाला. "मी विळा आणतो."

आता माझी गोष्ट अशी आहे की वाईट बातमी मी कधी माझ्या आवाजात सांगतली नाही. नापास झालो तं हेडमास्तरच्या आवाजात सांगतलं. बाबाची सायकल हरवली तं हवालदाराच्या. समोरचा आधी हसते, मंग रागावते, अन् हसलेल्या माणसाले पुरतं रागावता येत नाही. काकापुढं गेलो तं कृषी सहायकाचा आवाज तयार ठेवला होता. नाकातून, थोडा घाईतला, मोटारसायकल चालूच ठेवलेल्या माणसाचा.

"नमस्कार शेतकरी बंधू! आपल्या बांधावर..."

काका हसले. डोमकळी हातातच होती. ते हसले अन् माझा आवाज बसला. पुढं जाईच ना. खाकरलो, तं बाबाचा आवाज निघाला. तो गिळला. मंग जो राह्यला तो माझा होता, बारीक, बेसूर, मलेच ओळखू येईना असा.

"काका, अळी आमच्या भिंतीतून येऊन राह्यली. आम्ही कवड्या झोडल्या नाहीत. आतून लिपलं नाही. दिसाले चांगलं दिसते म्हणून."

काकानं डोमकळी चिरडली अन् अंगठ्यानं रस्ता विचारत विचारत आमच्या खोलीकडं निघाले. मी मागं. पहिल्यांदा त्याईच्या मागं सरळ चाललो. आत येऊन त्याईनं चारही भिंती पाह्यल्या, एक कवडी तोडली, हुंगली.

"माझीच हाय," ते म्हणाले. "सगळं वावर साफ केलं मी, लेकाहो. हिले उपटून हाकलली. अन् तुम्ही हिले घर बांधून देलं?"

काकानं मान वर करून छपराकडं पाह्यलं.

"अन् कवेलूचं!" काका म्हणाले. "माझ्या घरावर टीन हाय."

आधी मायच्या तोंडून हसू फुटलं, मंग भावाच्या. काका काही हसत नव्हते. ते बाहेर गेले अन् तांड्याच्या दिशेनं काकीले हाक मारली, बंजाऱ्याईच्या गोरबोलीत. मले त्यातलं फक्त 'कवडी' समजलं. थोड्या वेळात काकी अन् तिच्या दोन जावा विळे घेऊन आल्या, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सारून.

भिंत बांधाले आम्हाले महिना लागलता. पाडाले दुपार. भावानं पहिला घाव घातला, 'पाचवी ब'च्या बाजूले, अन् मंग थांबलाच नाही. काकी मधून मधून एखादी काडी वर धरून म्हणे, "हे टेकस्चर घरी नेऊ काय?" हा शब्द तिच्या कानावर कोठून गेला देव जाणे. माझ्याकडूनच गेला असंल. टेकडीवरच्या उघड्या मुरमात, उघडीप होती तेवढ्यात सगळं पेटवलं. आतली पऱ्हाटी कोरडी होती, भडकन जळली. काकानं भावाले सांगतलं, खोलीच्या चारही बाजूनं कामगंध सापळे लाव. पिवळं झाकण अन् खाली लांब प्लास्टिकची पिशवी, पाखराले मादीचा वास येते अन् ते आत पडते. भाऊ संध्याकाळी बारा सापळे घेऊन आला, सगळ्या खांबाईले टांगले. खोली अशी दिसत होती की हिले दवाखान्यात भरती केलं अन् चारही बाजूनं सलाईन लावली.

वर कवेलू, खाली चार कोपऱ्याले चार खांब, मध्ये 'पाचवी ब'ची चौकट. बाकी हवा.

शुक्रवारी सकाळी मी पुसद गाठलं. भंगार वाड्यात चाचा चहा पीत होते. मी सगळं सांगतलं, माझ्याच आवाजात, आता सवय झाली होती. चाचानं बशी खाली ठेवली.

"दीवार तो मेरे पास नहीं है मियाँ. दीवार भंगार में कौन लाता है? दीवार तो वहीं गिर के मट्टी हो जाती." मंग त्याईनं मागं हात केला. "दरवाजे हैं. दरवाजे ही दरवाजे हैं. बाहर खड़े-खड़े सड़ रहे हैं, ले जा."

मी दारं मोजली. मंग खोली मोजली, मनात. दहा फुटाची बाजू, एका बाजूले तीन दारं.

"बस एक शर्त है," चाचा म्हणाले. "सुना है तू मेरी नकल उतारता है, पूरे पुसद में. मेरे सामने उतार."

मी उतरवली. जिनिंगच्या एका मोठ्या दारावर हात ठेवून त्याची खानदान सांगतली. चाचा ऐकत होते, चेहऱ्यावर काही नाही. संपल्यावर त्याईनं नोकराले टेम्पो काढाले सांगतलं अन् मले म्हणाले, "मैं इतना मोटा नहीं बोलता."

शुक्रवारची दुपार अन् शनिवारची सकाळ आम्ही दारं उभी केली. जिनिंगची दोन, त्याईच्यावर अजून कापसाचे धागे अडकलेले. थेटराचं एक, 'बाहेर' लिहेलं. एक कोण्या डॉक्टरचं, भेटण्याच्या वेळेसकट. बाकीची घराघराची, कोणावर लक्ष्मीची पावलं, कोणावर पोट्ट्याईची उंची मोजलेल्या रेघा. भावानं एकही रंगवलं नाही. 'पाचवी ब' सोडून सगळी खिळ्यानं बंद. काका स्वतः येऊन एकेक दार ढकलून गेले, भिंत पक्की आहे का पाहाले.

पाहुणे दुपारी आले, कळंबच्या चिंतामणीले पाया पडून. गाडी थांबली. नवरा उतरला अन् पहिलं काम म्हणजे मोबाईल आभाळाकडं धरून रेंज शोधाले लागला, जी दोन दिवस सापडली नाही. बायकोनं सापळे पाह्यले. "हे डेकोरेशन लोकल आहे का?" भाऊ म्हणे, "एकदम लोकल." अन् आई उतरल्या. निवृत्त शिक्षिका, आवाज असा की टेकडीमागची ढोरं वर पाहतील. त्या सरळ जिनिंगच्या दाराकडं गेल्या, ठोठावलं. मंग लक्ष्मीच्या पावलांचं. मंग डॉक्टरचं.

"उघडतं कोणतं?"

"पाचवी ब," मी म्हणलो.

त्या दारापुढं येऊन थांबल्या. "मी तीस वर्षं पाचवी शिकवली," त्या म्हणाल्या. "हा वर्ग कोणाचा?"

"माझा. बाहेरून."

त्याईनं मले वरपासून खालपर्यंत पाह्यलं. असलं पाहणं मले चांगलं माहीत आहे. मंग दोन दिवस मी पाचवीत होतो. सकाळी चहा घेऊन गेलो तं पाढे. दुपारी जेवण तं कविता म्हण. मी हेडमास्तरची नक्कल केली तं त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसला, अन् म्हणाल्या, "आमचेही असेच होते. सगळ्यांचे असेच असतात का रे?" दुसऱ्या दिवशी त्याईनं काकाच्या वावराकडचं, 'पाचवी ब'पासून मोजून सातवं, दार उघडून मागितलं. भावानं खिळे काढले. त्या खुर्ची टाकून तिथं बसल्या अन् आम्ही सगळे, काका, काकी, माय, भाऊ, कपाशीतून डोमकळ्या तोडत होतो ते पाहत राह्यल्या. थोड्या वेळानं चपला काढून स्वतःच आल्या.

"ओळखायची कशी?" त्याईनं काकाले विचारलं.

"जे फूल बाईसारखं पदर घट्ट धरून बसलं हाय, थे."

निघताना बाबा आले. तिथं पहिल्यांदा. बैल चारत आल्यासारखे, पण बैल नव्हते. झाडाखाली उभे राह्यले, कान इकडं. नवरा गाडीत बसला, बायको बसली. आई बसल्या, काच खाली केली.

"उन्हाळ्यात इथं गरम होत असेल," त्या म्हणाल्या.

भावाचं तोंड पडलं.

"आणि ते सात नंबरचं दार, शेताकडचं. त्याला आतून कडी नाही. बसवून घ्या. मला आतून लावता आली पाहिजे."

गाडी गेली. मी धावत बाबापाशी.

"ऐकलं?"

"त्याले सांग," बाबा आभाळाकडं पाहून म्हणाले, "पुन्हा येतो म्हणली नाही. कडी लाव म्हणली."

"अहो बाबा, कडी कोणासाठी लावाले सांगतली मंग?"

"थे मी कसं सांगू?" अन् कानावरची विडी घेऊन गेले.

पोळ्यापर्यंत दुसरं कोणी आलं नाही. झड लागली, रस्ता वाहून गेला. भावानं दोनदा बॅग काढली अन् दोनदा त्यात कवेलूचे तुकडे भरले, न्हाणीच्या फरशीसाठी. काकाची कपाशी थोडी गेली, बरीच राह्यली. सापळ्याच्या पिशव्या आम्ही दर दोन दिवसांनी रिकाम्या करत होतो, काका प्रत्येक वेळी आत वाकून पाहत अन् म्हणत, "तुमचे पाहुणे कमी झाले बे."

पोळ्याच्या दिवशी आमच्याकडं बैल तोरणाखालून निघाले की घरोघरी नेतेत. घरची बाई पाय धुते, ओवाळते, पुरणपोळी चारते. फक्त घरी नेतेत. गोठ्यावर, खळ्यावर, वावरातल्या झोपडीवर कोणी बैल नेत नाही.

भाऊ खोलीतच होता. त्याच्या मते शेवटचा दिवस. मी टेकडीवरून पाहत होतो, बाबाचे बैल तोरणाखालून निघाले, झुली, बाशिंगं, शिंगाले हिंगूळ. आमच्या गल्लीत गेले, मायनं ओवाळलं. मंग पुढं जायचं तं बाबा वळले. टेकडीच्या वाटेले. त्या वाटेनं ते पोळ्याच्या दिवशी कायले येऊन राह्यले, मले कळेना. त्याईच्या मागं काका, आपले बैल घेऊन, अन् मागं माय, ताट हातात, साडी चिखलातून वर धरून.

बाबा बारा दारांपुढं थांबले. खाकरले. दोनदा. माझ्याकडं पाह्यलं.

"त्याले विचार, यातलं घराचं दार कोणतं? बैल उभे हाय."

मी काही विचारायच्या आधीच भाऊ 'पाचवी ब'मधून बाहेर आला, हात मातीचे, तसाच. मायनं त्याच्या हातात ताट देलं. त्यानं बैलाचे पाय धुतले, पाणी चिखलात गेलं. काकाचा बैल थेटराच्या दाराले शिंग घासत होता. बाबा एकेक दार पाहत पाहत सातव्यापाशी गेले, फटीतून आत बोट घालून पाह्यलं.

"कडी बसवली का रे?"

मी सवयीनं मान वळवली. पण ते माझ्याशी बोलले नव्हते.

"कालच बसवली, बाबा," भाऊ म्हणाला.